कधी एका झटक्यात सुरू, कधी वीस मिनिटे पकडतच नाही: मोटारसायकलचा दोष शोधायचा कसा?

धायरीकर (धागाकर्ता) · १२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१३ सालची, १५० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली मोटारसायकल आहे. आजवर ती ५८,००० किलोमीटर चालली असून तिला सेल्फ आणि किक दोन्ही आहेत. गेल्या चार महिन्यांपासून तिने एक विचित्र खोड धरली आहे. काही सकाळी ती बटणाला बोट लावताच सुरू होते, तर काही सकाळी सेल्फ खणखणीत फिरतो, दिवा मंदावत नाही, हॉर्न नेहमीसारखा वाजतो, पण इंजिन काही केल्या पकडत नाही. किक मारून पाहिली तरी तोच प्रकार. पंधरा-वीस मिनिटे घाम गाळल्यावर, काहीही न बदलता, ती जणू काही झालेच नव्हते अशा थाटात सुरू होते आणि मग दिवसभर तक्रार करत नाही.

गॅरेजमध्ये नेली की ती हमखास पहिल्या झटक्यात सुरू होते, त्यामुळे मेकॅनिक माझ्याकडे संशयाने पाहू लागला आहे. त्याने आतापर्यंत प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला आणि शेवटी बॅटरीही नवी घातली. एकूण ३,४०० रुपये झाले आणि दोष जागच्या जागी आहे. आता तो सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलू म्हणतो.

माझा स्वतःचा अंदाज ओलाव्याचा आहे. त्रास जवळजवळ नेहमी घरी, सकाळीच होतो. आमच्या इमारतीचे पार्किंग रस्त्यापेक्षा खाली असल्याने तिथे पावसाळ्यात ओल असते. पुण्यातच शिवाजीनगरला कचेरीजवळच्या पार्किंगमधून संध्याकाळी निघताना मात्र गाडीने एकदाही दगा दिलेला नाही. सीडीआय घ्यावा का?

जुना जोडारी · १२ जुलै, रात्री १०.२५

घेऊ नका, निदान आठवडाभर तरी. आपण दोषाचे वर्णन चांगले केले आहे, पण गाडी सुरू होत नसताना नेमके काय तपासले याबद्दल एक शब्दही नाही, आणि माझ्या मते सारी अडचण तिथेच आहे.

पेट्रोलच्या इंजिनाला सुरू होण्यासाठी हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, ते दाबण्याइतके कॉम्प्रेशन आणि योग्य क्षणी ठिणगी एवढेच लागते. कॉम्प्रेशन सकाळी आठला जाऊन साडेआठला परत येत नाही. टॅपेट घट्ट होऊन वाल्व्ह गळू लागला किंवा रिंगा झिजल्या, तर तो दोष मुक्कामालाच येतो आणि हळूहळू वाढतो. किक नेहमीसारखी जड लागत असेल तर तो विचार तूर्त बाजूला ठेवा. सेल्फ दमदार फिरतो म्हणजे बॅटरी, सेल्फचा रिले आणि मोटार यांचीही सुटका झाली. खरे तर ही सुटका बॅटरी बदलण्यापूर्वीच झाली होती, पण झाले ते झाले. उरले पेट्रोल आणि ठिणगी.

पुढच्या वेळी गाडीने दगा दिला की तिला जागची हलवू नका. आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत प्लग काढा. तो पेट्रोलने ओला असून वास येत असेल तर पेट्रोल पोचते आहे. कोरडा ठणठणीत असेल तर पोचत नाही. मग तोच प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारून ठिणगी पाहा. अंधाऱ्या पार्किंगचा इथे उपयोगच होईल. दोन गोष्टी जपा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून लांब ठेवा. आणि प्लग अर्थला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, न टेकवता नुसती टोपी हवेत धरून किक मारू नका, कारण वाट न मिळालेल्या विजेच्या दाबाने एचटी कॉइल (प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी कॉइल) किंवा सीडीआय निकामी होऊ शकतो.

एक वही करा. गाडी सुरू झाली त्या दिवसाचीही नोंद ठेवा, केवळ बिघडलेल्या दिवसांची नको.

रिझर्व्हवर · १३ जुलै, सकाळी ७.५०

जोडारीसाहेबांशी सहमत आहे, पण माझा कल पेट्रोलकडे आहे. टाकीच्या झाकणात हवा आत येण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते धुळीने किंवा गंजाने बुजले की पेट्रोल खाली उतरताना टाकीत पोकळी निर्माण होते आणि कार्ब्युरेटरला पुरवठा थांबतो. थोडा वेळ गेला की हवा कशीबशी आत शिरते आणि गाडी सुरू होते. गाडी पकडत नसताना झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर समजा सापडले.

दुसरी शक्यता पाण्याची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी त्यात विरघळून जळून जाते, पण प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पेट्रोलचा कॉक नेमका तळातूनच ओढतो. कार्ब्युरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो. तो सैल करून वाटीतले पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा पाण्याचे मणी दिसले तर टाकी धुऊन घ्यावी लागेल.

धायरीकर · १४ जुलै, सायंकाळी ६.१५

दोघांचे आभार. आज रविवार असल्याने सारे उरकले. तपकीर गल्लीतून साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. झाकण उघडल्यावर कसलाही आवाज आला नाही. बाटलीतले पेट्रोल तासभर ठेवूनही एकसारखेच राहिले. बॅटरी स्थिर असताना १२.७ व्होल्ट, सेल्फ फिरताना १०.६ आणि इंजिन मध्यम वेगात असताना १४.१ व्होल्ट दाखवते. सर्व्हिस मॅन्युअलमधील आकृती पाहून सीडीआयला येणारी पुरवठ्याची तार शोधली. चावी लावल्यावर तिथे १२.३ व्होल्ट आहेत. एकंदरीत सगळे ठीक दिसते, त्यामुळे सीडीआयवरचा संशय उलट बळावला आहे.

जुना जोडारी · १४ जुलै, रात्री ८.०५

आपण आज निरोगी माणसाचा ताप मोजला. आज गाडी सुरू होत होती ना? मग आजचे सगळे आकडे चांगलेच येणार. बॅटरीचे आणि चार्जिंगचे आकडे उपयोगी आहेत, ते लिहून ठेवा. सीडीआयच्या तारेवरचे १२.३ व्होल्ट मात्र गाडी रुसलेली असताना पुन्हा मोजावे लागतील.

कोथरूडची स्कूटर · १५ जुलै, दुपारी १.३०

मधे बोलते, क्षमस्व. माझ्या स्कूटरचाही असाच लपंडाव चालू आहे, फक्त बटण दाबल्यावर ‘टक’ असा एक आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. माझी फ्यूएल इंजेक्शनची आहे. माझाही प्रश्न पेट्रोल-ठिणगीचाच समजायचा का?

जुना जोडारी · १५ जुलै, दुपारी ३.१०

नाही, आपला आजार वेगळा आहे. धायरीकरांचे इंजिन फिरते पण पेटत नाही, आपले फिरतच नाही. ‘टक’ हा आवाज रिलेचा. म्हणजे बटण, ब्रेकचा स्विच आणि रिलेची कॉइल आपापली कामे करत आहेत. आधी बॅटरीची दोन्ही टोके उघडून, पांढरा-हिरवा क्षार खरवडून, घट्ट आवळा. अर्थची तार जिथे चासीला किंवा इंजिनाला बसते तो बोल्टही पाहा, कारण तो सहसा कोणी पाहत नाही. त्यानंतरही ‘टक’वरच थांबली तर बटण दाबलेले असताना बॅटरीचे व्होल्ट मोजा. साडेनऊच्या खाली गेले तर बॅटरी. बाराच्या आसपास राहिले तर विद्युतप्रवाह मोटारीपर्यंत जातच नाही, म्हणजे रिलेचे आतले संपर्क जळाले असावेत किंवा मोटारीचे कार्बन ब्रश संपले असावेत. इंजेक्शनच्या गाडीत चावी लावल्यावर पंपाचा दोनेक सेकंद येणारा गुणगुणता आवाजही ऐकत चला.

धायरीकर · १६ जुलै, सकाळी ९.०५

आज सकाळी गाडी रुसली, आणि या वेळी मला चक्क आनंद झाला. जागची न हलवता प्लग काढला. तो पेट्रोलने चिंब होता. टोपीत बसवून, इंजिनाला टेकवून किक मारली, सात-आठ वेळा. ठिणगी अजिबात नाही. मल्टिमीटर घरात वरच राहिला होता आणि तो आणायला जाईपर्यंत कचेरीची वेळ टळत होती, म्हणून गाडी ओढून बाहेर काढली. फाटकापाशी सहज बटण दाबले तर सुरू.

रिझर्व्हवर · १६ जुलै, सकाळी ९.४०

पेट्रोल निर्दोष सुटले. माझा अंदाज मागे घेतो.

प्रतिरोध · १६ जुलै, रात्री ९.१५

धागा पहिल्यापासून वाचते आहे. मी विजेच्या मोजमापांशी संबंधित काम करते, त्यामुळे आता माझ्या अंगणात चेंडू आला असे समजून लिहिते.

आपली गाडी बॅटरीवर चालणाऱ्या, म्हणजे डीसी सीडीआयची दिसते, कारण त्या तारेवर आपल्याला चावी लावताच १२.३ व्होल्ट मिळाले. जुन्या धाटणीच्या एसी सीडीआयला मॅग्नेटच्या कॉइलमधून पुरवठा होतो आणि तिथे बॅटरी काढून टाकली तरी किक मारून ठिणगी पडते. आपल्या प्रकारात सीडीआय बॅटरीच्या १२ व्होल्टचे काही शे व्होल्ट करून आतल्या कपॅसिटरमध्ये साठवतो, पिकअप कॉइलकडून (ठिणगीचा क्षण कळवणाऱ्या कॉइलकडून) इशारा आला की ती साठवण एका क्षणात एचटी कॉइलमध्ये सोडतो, आणि एचटी कॉइल तिचे प्लगला लागणारे हजारो व्होल्ट करते. म्हणजे ठिणगी नसण्याची कारणे मोजकी आहेत: सीडीआयला पुरवठा नाही, त्याला इशारा नाही, त्याचा अर्थ तुटला आहे, तो स्वतः बिघडला आहे, किंवा त्याच्या पुढची कॉइल, केबल अथवा टोपी खराब आहे.

पिकअप कॉइलचा रोध बहुतेक गाड्यांत १०० ते ३०० ओहमच्या पट्ट्यात असतो. नेमका आकडा आपल्या मॅन्युअलमधून घ्यावा. तिची सवय अशी की ती गरम झाल्यावर दगा देते, कारण उष्णतेने आतली बारीक तार ताणली जाऊन सांधा सुटतो आणि थंड झाली की पुन्हा जुळतो. आपली गाडी थंड असतानाच रुसते, म्हणून मी तिला यादीत खाली ठेवीन. एचटी कॉइलच्या दुय्यम बाजूचा रोध काही हजार ओहम असतो आणि टोपीत बहुधा ५,००० ओहमचा रोधक असतो. दोन्ही मोजायला पाच मिनिटे पुरतात.

यादीत सगळ्यात वर मी पुरवठ्याची तार ठेवते. चावीपासून किल स्विचपर्यंत आणि तिथून सीडीआयपर्यंत. काही गाड्यांत किल स्विच सीडीआयची एक तार अर्थला जोडून इंजिन बंद करतो, तर काहींत तो पुरवठाच तोडतो. आपल्या आकृतीत काय आहे?

धायरीकर · १६ जुलै, रात्री १०.५०

पुरवठा तोडतो. चावीतून आलेली तार उजव्या हाताच्या स्विचमध्ये जाते, तिथून एक फाटा सेल्फच्या बटणाला आणि दुसरा परत फिरून सीडीआयला.

कॉइल आणि टोपी मोजली, दोन्ही ठीक आहेत. किल स्विच उघडून संपर्क साफ केले. थोडा हिरवेपणा होता.

धायरीकर · २० जुलै, सायंकाळी ७.२५

किल स्विच साफ करूनही काल गाडी पुन्हा रुसली. राहवले नाही, नाना पेठेत जाऊन सीडीआय घेतला. १,१५० रुपये. जोडारीसाहेब रागावतील याची कल्पना आहे.

धायरीकर · २७ जुलै, दुपारी १२.१०

कळवायला आनंद होतो की सीडीआय बदलल्यापासून सलग सहा दिवस गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आहे. इतकी सलग वेळ गेल्या दोन महिन्यांत आली नव्हती. आठवडाभर पावसाने झोडपले, भिडे पूल पाण्याखाली गेला म्हणून मला रोज लांबच्या वाटेने जावे लागले, पण गाडीने हूं की चूं केले नाही. मेकॅनिकचे म्हणणे खरे ठरले असे दिसते. सर्वांचे मनापासून आभार.

जुना जोडारी · २७ जुलै, दुपारी २.००

अभिनंदन करायला मी अजून आठ दिवस घेईन. रुसव्याफुगव्याच्या दोषात कोणताही भाग बदलला तरी काही दिवस गुण येतो, म्हणून तर प्लग, बॅटरी आणि कार्ब्युरेटर यांनाही आपापले यश मिळाले असणार. वही चालू ठेवा.

धायरीकर · २९ जुलै, सकाळी ८.५५

जोडारीसाहेब, आपले तोंड गोड की कडू हे आपणच ठरवा. आज पुन्हा तेच. सेल्फ फिरतो आहे, ठिणगी नाही. १८ मिनिटांनी सुरू झाली.

आपल्या सांगण्यावरून ठेवलेल्या वहीतील मजकूर जसाच्या तसा देतो.

१६ जुलै, सकाळ, घर. सुरू झाली नाही. प्लग ओला, ठिणगी नाही. बाहेर ओढून नेल्यावर सुरू.
१७ जुलै, सकाळ, घर. तिसऱ्या प्रयत्नात सुरू. संध्याकाळी शिवाजीनगर, लगेच सुरू.
१८ जुलै, सकाळ, घर. लगेच सुरू. संध्याकाळी परत आल्यावर उतारावरून पार्किंगमध्ये डावीकडे वळताना इंजिन अचानक बंद. क्लच नीट धरला नसावा. ढकलतच जागेवर लावली.
१९ जुलै, सकाळ, घर. सुरू झाली नाही. दोन मोटारींच्या मधून बाहेर काढली, उतारावर ढकलण्याच्या बेतात होतो, त्याआधीच सुरू.
२१ ते २६ जुलै. पार्किंगमध्ये पाणी साचल्यामुळे गाडी वर फाटकाजवळ, उघड्यावर. रोज लगेच सुरू.
२८ जुलै, रविवार. पाणी ओसरले, गाडी पुन्हा खाली. बाहेर काढली नाही.
२९ जुलै, सकाळ, घर. सुरू झाली नाही.

प्रतिरोध · २९ जुलै, सकाळी ११.२०

ही वही सीडीआयपेक्षा अधिक किमतीची आहे.

प्रथम ओलाव्याबद्दल. सहा दिवस गाडी उघड्यावर, भर पावसात उभी होती आणि एकदाही रुसली नाही. कोरडे छत मिळताच दुसऱ्या दिवशी रुसली. ओलाव्याने हा दोष येत असता तर नेमके उलटे घडायला हवे होते. म्हणजे खालच्या पार्किंगमध्ये ओलीखेरीज असे काहीतरी आहे, जे वर फाटकाजवळ नव्हते आणि शिवाजीनगरलाही नसते. ते काय हे मला इथे बसून कळत नाही. आपण गाडी तिन्ही ठिकाणी कशी उभी करता ते कृपया बारकाईने लिहाल का?

जुना जोडारी · २९ जुलै, सकाळी ११.४५

ताईंचा प्रश्न अचूक आहे. मी त्यात भर घालतो. पहिल्या दिवशी आपण ‘काहीही न बदलता’ गाडी सुरू होते असे लिहिले होते. वहीत मात्र १६ आणि १९ तारखेला ती ओढून बाहेर काढल्यावर सुरू झाली आहे. आणि १८ तारखेला डावीकडे वळताना इंजिन बंद पडले, त्याचा दोष आपण स्वतःच्या क्लचला दिला. हँडल पूर्ण डावीकडे होते का?

धायरीकर · २९ जुलै, दुपारी १.३५

आपला प्रश्न वाचून जेवण बाजूला ठेवले.

खाली जागा अरुंद आहे, त्यामुळे गाडी साइड स्टँडवर लावून हँडल डावीकडे लॉक करतो. सकाळी लॉक काढतो, पण गाडी डावीकडे कललेली असल्याने हँडल तसेच वळलेले राहते. ती तिथेच उभी असताना सुरू करून, हेल्मेट आणि पिशवी घेईपर्यंत गरम होऊ देण्याची माझी सवय आहे. सुरू झाली नाही तर थोड्या वेळाने बाहेर ओढतो, म्हणजे हँडल सरळ होते. वर फाटकाजवळ चिखल असल्याने ती डबल स्टँडवर, हँडल सरळ ठेवून लावली होती. शिवाजीनगरच्या पार्किंगवाल्याला गाड्या पुढेमागे सरकवायच्या असतात, म्हणून तो कोणालाच हँडल लॉक करू देत नाही, आणि तिथे मी गाडी रांगेतून बाहेर काढून, वर बसल्यावरच सुरू करतो. गॅरेजमध्येही ती डबल स्टँडवरच असते.

१८ तारखेला हँडल पूर्ण डावीकडे होते.

जुना जोडारी · २९ जुलै, दुपारी २.१०

आता संध्याकाळी हँडलच्या मुळाशी, म्हणजे चासीच्या गळ्यापाशी, जिथून तारांचा जुडगा वळून मागे जातो, तिथे शोधा. प्रत्येक वळणाला त्या तारा वाकतात. अकरा-बारा वर्षांत वरचे आवरण शाबूत राहून आतले तांबे तुटणे अगदी स्वाभाविक आहे. सेल्फ चालतो आणि ठिणगी जाते, म्हणजे किल स्विचपासून परत सीडीआयकडे येणारी एकच तार संशयित उरते.

प्रतिरोध · २९ जुलै, दुपारी ३.००

एक सूचना, कारण इथेच फसगत होते. मल्टिमीटर व्होल्ट मोजताना जवळजवळ शून्य विद्युतप्रवाह घेतो. तारेतल्या वीस-पंचवीस धाग्यांपैकी एकच धागा टेकलेला असला तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवील आणि आपण तार निर्दोष ठरवाल. म्हणून तारेवर भार टाका. इंडिकेटरचा जुना १० वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन तारा जोडा, सीडीआयचा कपलर (तारा जोडणारा खटका) काढून पुरवठ्याची तार आणि अर्थ यांच्यामध्ये तो लावा. हा बल्ब पाऊण अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतो. चावी लावून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा आणि बल्बकडे पाहत राहा. त्याच वेळी मल्टिमीटरही त्याच दोन टोकांना लावून ठेवलात तर फरक आकड्यांतही दिसेल.

धायरीकर · ३० जुलै, रात्री १०.३०

सापडले.

मुलाने बल्ब धरला, मी हँडल फिरवले. सरळ असताना बल्ब लख्ख, मीटरवर ११.९ व्होल्ट. उजवीकडे पूर्ण वळवले तरी लख्ख. डावीकडे अर्ध्यावर गेल्यावर बल्ब लुकलुकला, आणि टोकाला पोचल्यावर विझला. मीटरवर दीड ते चार यांच्यामध्ये आकडा नाचत होता. गंमत म्हणजे त्याच स्थितीत बल्ब काढून नुसता मीटर लावला तर ११.८! बल्ब नसता तर मी ही तार दुसऱ्यांदा निर्दोष सोडली असती.

टाकी काढून जुडग्यावरची काळी पट्टी उलगडली. संशयित तार दोन चिमटींत धरून हलकेच ताणून पाहिली, तेव्हा एका जागी आवरण रबरासारखे लांबले. तिथे आत तांबे जवळजवळ उरलेच नव्हते. कापून पाहिले तर दोन-तीन धागे सोडून बाकीचे तुटलेले आणि हिरवे पडलेले होते.

तार नेमकी तिथेच का तुटली, हेही समोर आले. चारेक वर्षांपूर्वी मी हँडलवर मोबाइलचे चार्जर बसवून घेतले होते. ते बसवणाऱ्याने नवी तार जुन्या जुडग्याला प्लॅस्टिकच्या पट्टीने इतकी करकचून बांधली होती की पूर्ण जुडगा वाकण्याऐवजी सारे वळण त्या एका पट्टीच्या कडेवर येत होते.

तात्पुरते पीळ देऊन चिकटपट्टी लावली आहे. कायमची दुरुस्ती कशी करावी?

जुना जोडारी · ३१ जुलै, सकाळी ७.१५

पीळ आणि चिकटपट्टी पावसाळ्यात ठेवू नका. हिरवी पडलेली लांबी पूर्ण काढून टाका. चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे जा, कारण गंज आवरणाच्या आतून दोन्हीकडे सरकतो. तेवढ्याच जाडीची, बारीक धाग्यांची लवचीक तार घ्या. घरच्या वायरिंगमधली एकसंध तांब्याची तार चुकूनही वापरू नका, ती महिनाभरात मोडेल. दोन्ही सांधे डाग देऊन (सोल्डर करून) पक्के करा आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवा.

सांध्याची जागा महत्त्वाची आहे. डाग दिलेला भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेला तार पुन्हा तुटते, म्हणून सांधे वळणावर येता कामा नयेत. एक वर हँडलच्या बाजूला आणि दुसरा टाकीखाली येईल इतकी लांब तार घाला, मग तुकडा वीतभर लागला तरी चालेल. गळ्यापाशी दोन बोटे ढील ठेवा आणि पट्टी सैल बांधा. त्याच जुडग्यातल्या बाकीच्या तारांनाही चिमटीत ताणून पाहा, त्यांनीही तेवढीच वर्षे तेवढीच वळणे सोसली आहेत.

धायरीकर · ३ ऑगस्ट, रात्री ९.००

आपण सांगितले तसे केले. बाकीच्या तारांपैकी डाव्या इंडिकेटरची एक तार मऊ लागली, तीही बदलली. एकूण खर्च तारेचे आणि नळीचे मिळून ८५ रुपये. डाग देण्याचे उपकरण शेजाऱ्यांचे.

रिझर्व्हवर · २४ ऑगस्ट, दुपारी १२.४०

तीन आठवडे झाले. गाडी काय म्हणते? आणि तो नवा सीडीआय दुकानदाराने परत घेतला का?

धायरीकर · २४ ऑगस्ट, रात्री ८.२०

रोज खालच्या पार्किंगमध्ये, हँडल मुद्दाम पूर्ण डावीकडे ठेवून सुरू करतो. एकदाही चुकली नाही. मध्यंतरी जुना सीडीआय पुन्हा बसवून चार दिवस चालवला, तोही ठणठणीत आहे. नवा दुकानदाराने परत घेतला नाही, विजेची वस्तू एकदा बसवली की परत नाही असा त्याचा नियम आहे. तो आता सीटखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

जुन्या बॅटरीचे काय, असे प्रतिरोधताईंनी मला खासगीत विचारले होते. ती नवी घेताना बदल्यात दिली, त्यामुळे तपासायला हाताशी नाही. सेल्फ तेव्हाही दमदारच फिरत होता, एवढे मात्र वहीत नसले तरी मला आठवते.

कोथरूडची स्कूटर · २५ ऑगस्ट, सकाळी १०.०५

माझेही कळवायचे राहून गेले. अर्थचा बोल्ट पायदानाखाली होता आणि बोटाने फिरत होता. खरवडून आवळला, ‘टक’ गेले.